बंदुकीचा पट्टा : वस्तू, निवड आणि परिभाषा

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून वाचकांस काहीसे आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने बंदुकीच्या पट्ट्याविषयी का लिहावे, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर एका चुकीत आहे. आणि ती चूक माझी स्वतःची असल्यामुळे प्रथम ती सांगून टाकणे बरे.

काही वर्षांपूर्वी सशस्त्र पहारेकऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी लिहिलेली एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले. पुस्तिका लहान होती, भाषाही सोपी होती. रायफल व शॉटगन यांना जोडावयाच्या पट्ट्यासंबंधी, म्हणजे ज्याला इंग्रजीत 'स्लिंग' म्हणतात त्यासंबंधी, तीत चार पृष्ठांचे एक प्रकरण होते. मूळ लेखकाने 'सिंगल-पॉइंट', 'टू-पॉइंट' आणि 'थ्री-पॉइंट' असे तीन प्रकार सांगितले होते. मी त्यांसाठी 'एकपदरी', 'दुपदरी' व 'तिपदरी' असे शब्द योजले, आणि ते कानाला गोड लागतात म्हणून मनाशी थोडा संतोषही मानला. पट्टा अंगावर कसा घ्यावा हे सांगणारे जे वाक्य होते त्याचे मी 'पट्टा गळ्यात घालावा' असे भाषांतर केले.

पुस्तिका छापून झाल्यावर मैदानावरील निदेशकांनी मला बोलावून घेतले. ते सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार होते. त्यांनी मला दोन गोष्टी दाखविल्या. एका उमेदवाराने 'दुपदरी' या शब्दावर विसंबून आपला पट्टा चांभाराकडून दुहेरी शिवून आणला होता. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी होती. दुसरी तशी नव्हती. दुसऱ्या उमेदवाराने पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पट्टा माळेसारखा गळ्यात घातला, बंदूक पोटावर आडवी सोडली आणि पाण्याचा डबा उचलण्यासाठी तो खाली वाकला. बंदूक झोका घेऊन फिरली आणि तिची नळी शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या गुडघ्याकडे वळली. बंदूक रिकामी होती. सुभेदारसाहेब रागावले नाहीत. "प्राध्यापकसाहेब, तुम्ही लिहिलंत तेच त्यानं केलं," एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर मी ही वस्तू मुळापासून समजून घेण्याचा प्रयत्न केला. पट्टा निवडावयाचा म्हणजे नेमके काय पाहावयाचे हे ज्याला सांगता येत नाही, त्याला त्याच्या प्रकारांची नावेही ठेवता येत नाहीत, असे मला आता वाटते. खालील विवेचन त्या प्रयत्नाचे फळ होय.

इंग्रजी 'स्लिंग' हा शब्द निदान चार वस्तूंना लावला जातो : दगड फेकण्याची गोफण, मोडलेला हात गळ्याशी बांधण्याची झोळी, गोदीत माल उचलण्याचा दोर आणि बंदूक खांद्याला अडकविण्याचा पट्टा. फेकण्याचे साधन आणि टांगण्याचे साधन या दोन अर्थांचे मूळ एकच की भिन्न, याविषयी कोशकारांत एकमत नाही. इतर भाषांनी मात्र हे अर्थ वेगळे ठेवले आहेत. फ्रेंचमध्ये गोफणीस 'फ्राँद', हाताच्या झोळीस 'एशार्प' आणि बंदुकीच्या पट्ट्यास 'ब्रतेल' म्हणतात. हाच 'ब्रतेल' शब्द विजार पेलणाऱ्या खांदेपट्ट्यांनाही चालतो. जर्मनमध्ये बंदुकीचा पट्टा म्हणजे 'गेवेररीमेन'; यातील 'रीमेन' ही आपली वादी. एकाच शब्दात गोफण आणि झोळी कोंबणे ही इंग्रजीची लहर आहे असे यावरून कोणी म्हणेल. पण ते खरे नव्हे. सुश्रुतसंहितेत व्रणबंधांचे जे चौदा प्रकार सांगितले आहेत त्यांत 'गोफणा' हा एक आहे आणि तो हनुवटी, नाक, ओठ, खांदा व बस्ती या ठिकाणी बांधावा असे सांगितले आहे. मध्ये रुंद, दोन्ही टोकांना निमुळता आणि जे धरावयाचे त्याला खालून पेलणारा, हा आकार गोफणीचाच आहे. म्हणजे गोफणीच्या आकारावरून पेलणाऱ्या बंधाला नाव देण्याची कल्पना आपल्याकडेही सुचली होती. मराठीने ती पुढे चालविली नाही, इतकेच.

मराठीत बंदुकीच्या संदर्भात 'पट्टा' हाच शब्द रूढ आहे आणि तो बदलण्याचे कारण नाही. संस्कृत 'पट्ट' म्हणजे पट्टी, फळी, लेखपट. त्यापासून आलेला 'पट्टा' जमिनीचाही असतो, वाघाच्या अंगावरही असतो, कचेरीतील पट्टेवाल्याच्या खांद्यावरही असतो आणि दांडपट्ट्यात तर तो शस्त्रच होतो. इतका भार वाहणाऱ्या शब्दाला आणखी एक अर्थ पेलणे जड नाही. अडचण 'पट्टा' या नामाची नाही. त्याच्यामागे कोणते विशेषण लावावयाचे ही आहे, आणि ते विशेषण पट्टा कोणत्या कामासाठी आहे यावर अवलंबून आहे.

कामे पाहता पट्ट्याची तीन कामे दिसतात. बंदूक वाहणे हे पहिले. नेम धरताना ती स्थिर ठेवणे हे दुसरे. आणि हात दुसऱ्या कामात गुंतले असता ती अंगाशी धरून ठेवणे, पडू न देणे, दुसऱ्याच्या हाती जाऊ न देणे, हे तिसरे. एकच पट्टा तिन्ही कामे उत्तम करीत नाही. निवडीचा सारा प्रश्न या एका वाक्यात आहे. विक्रेत्याच्या यादीत मात्र हे वाक्य सहसा आढळत नाही.

दुसऱ्या कामाचा विचार प्रथम करतो; कारण सामान्य माणसास ते ठाऊक नसते आणि त्याचे शास्त्र सर्वांत स्वच्छ आहे. महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्र सेनेत .२२ बोअरच्या रायफलने आम्ही पालथे पडून नेम धरीत असू. निदेशक हिंदीत 'स्लिंग कसो' म्हणून ओरडत आणि आम्ही तो पट्टा कसा तरी मनगटाभोवती गुंडाळून घेत असू. तो कशासाठी कसावयाचा हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. पालथे पडलेल्या नेमबाजाचा डावा हात रायफलीच्या खाली असतो. स्नायूंच्या बळावर ती पेलली तर स्नायू थकतात आणि थरथरतात. दंडाच्या वरच्या भागाभोवती पट्ट्याचा फास घालून त्याचे दुसरे टोक रायफलीच्या पुढच्या लाकडास अडकविले, तर दंड, कोपरापुढील हात आणि पट्टा यांचा एक त्रिकोण तयार होतो. मग भार हाडांवर आणि पट्ट्यातील ताणावर जातो. स्नायू सैल सोडता येतात. घराच्या छपरात कैची जे काम करते तेच हे काम होय.

अमेरिकन सैन्याने १९०७ साली स्वीकारलेला चामड्याचा पट्टा हा या विचाराचा प्रसिद्ध नमुना आहे. त्यात एक लांब आणि एक आखूड अशा दोन वाद्या असत, जोडीजोडीने पाडलेली भोके असत आणि पितळेचे दुहेरी आकडे असत. आकडे एका भोकांत अडकविले की तो खांद्याला अडकविण्याचा पट्टा होई, दुसऱ्या भोकांत अडकविले की दंडाला आवळण्याचा फास. दोन कामांसाठी एक वस्तू बनविण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता, पण एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाण्यास वेळ लागे. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या जागी कापडी विणीचा साधा पट्टा येऊ लागला, त्यामागे स्वस्ताईबरोबरच हेही कारण असावे.

क्रीडाक्षेत्रात हे काम आजही स्वतंत्र आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमांप्रमाणे रायफलीच्या पट्ट्याची रुंदी ४० मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये; तो फक्त दंडाच्या वरच्या भागावर घ्यावा आणि तेथून रायफलीच्या पुढच्या भागास एकाच ठिकाणी जोडावा. पालथे पडून आणि गुडघ्यावर बसून नेम धरताना त्यास मुभा आहे, उभ्याने नेम धरताना नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल 'प्रोन' प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले, त्या प्रकारात सारी नेमबाजी पालथे पडूनच असते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन अवस्थांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. तेथे आधी गुडघ्यावर, मग पालथे आणि शेवटी उभ्याने असा क्रम असतो. तेव्हा पहिल्या दोन अवस्थांत पट्ट्याचा त्रिकोण आणि तिसऱ्या अवस्थेत केवळ शरीराचा तोल, असे दोन निराळे कसब एकाच स्पर्धेत लागते.

या प्रकारच्या पट्ट्याचे दोन दोषही सांगावयास हवेत. दंडाच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते; फास तिच्यावर बसला तर नाडीचा प्रत्येक ठोका पट्ट्यातून रायफलीत उतरतो आणि नेम तालात हलू लागतो. म्हणून फास दंडावर उंच आणि बाहेरच्या अंगास घेतात. दुसरा दोष यांत्रिक आहे. पुढच्या लाकडाचा किंवा आवरणाचा नळीस स्पर्श असेल तर पट्ट्याच्या ताणाने नळीवर किंचित दाब येतो आणि गोळी लागण्याची जागा सरकते. म्हणूनच अचूकतेसाठी बनविलेल्या रायफलींत नळी पुढच्या भागास न टेकता मोकळी ठेवतात. जिची नळी अशी मोकळी नाही तिचा नेम जुळविताना, पट्टा पुढे जितका ताणावयाचा असेल तितकाच ताणून जुळवावा.

बाएथलॉन या हिमक्रीडेत तर वाहणे आणि स्थिर ठेवणे ही दोन कामे दोन वस्तूंत वाटून दिली आहेत. खेळाडू साडेतीन किलोग्रॅमहून कमी नसलेली रायफल दप्तरासारख्या दोन खांदेपट्ट्यांनी पाठीवर उभी बांधून स्कीवरून धावतो आणि ५० मीटरवरील लक्ष्यासमोर पालथा पडला की दंडावरील वेगळा पट्टा रायफलीस अडकवितो. हे उदाहरण मला परिभाषेच्या दृष्टीने फार मोलाचे वाटते. जेथे वस्तू दोन आहेत तेथे नावेही दोन लागतात. आणि एकदा ती पाडली की जेथे वस्तू एकच आहे तेथेही कामे वेगळी ओळखता येतात. मी 'आधारपट्टा' आणि 'वाहकपट्टा' हे शब्द योजतो. 'वाहकपट्टा' म्हटल्यावर एस. टी. च्या वाहकाची आठवण होईल, पण त्याला माझी हरकत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आता ज्याला आज 'टॅक्टिकल' पट्टा म्हणतात त्याकडे वळू. हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ मांडणीविषयक, रचनाविषयक असा आहे. सैन्याची मांडणी करण्याच्या विद्येस त्यावरून नाव मिळाले. आपला 'व्यूह' शब्द अर्थाने त्याच्या अगदी जवळ आहे. पण बाजारात या विशेषणातील अर्थ बहुतेक गळून गेला आहे. काळ्या किंवा मातकट रंगाचा, नायलॉनचा आणि बक्कले अधिक असलेला एवढाच बोध त्यातून होतो. तेव्हा 'व्यूहपट्टा' असा भारदस्त शब्द बनवून त्या पोकळीला प्रतिष्ठा देण्यात अर्थ नाही. यामागची खरी कल्पना मात्र पोकळ नाही. बंदूक पाठीवर न टाकता छातीसमोर, हाताच्या आटोक्यात ठेवावयाची आणि क्षणात खांद्याला लावता यावयाची, ही ती कल्पना. म्हणजे वर सांगितलेल्या तीन कामांपैकी येथे तिसऱ्यास प्राधान्य आहे. 'रोखपट्टा' हा शब्द मी सुचविला होता. सुभेदारसाहेबांना तो आवडला नाही. 'रोखणे' म्हणजे बंदूक दुसऱ्यावर रोखणे असाही अर्थ होतो, हे त्यांनी दाखवून दिले. मी शब्द मागे घेतला.

'सिंगल-पॉइंट' वगैरे नावांत खरा घोटाळा आहे तो मोजणीचा. बिंदू एक, दोन, तीन. पण कशावरचे बिंदू? पहिल्या प्रकारात अंगाभोवती एक वेढा असतो आणि त्यापासून निघालेली एक आखूड पट्टी बंदुकीस एकाच ठिकाणी, बहुधा दस्त्याच्या मुळाशी, अडकते. दुसऱ्या प्रकारात पट्ट्याची दोन टोके बंदुकीच्या पुढे व मागे अशी दोन ठिकाणी अडकतात. येथपर्यंत मोजणी बंदुकीवरील जोडांची आहे. तिसऱ्या प्रकारात तिसरा जोड बंदुकीवर मिळावयास हवा; पण तो तेथे नसतो. बंदुकीवर जोड दोनच, पुढे आणि मागे. त्यांना सांधणारी एक पट्टी बंदुकीच्या कुशीने जाते आणि अंगाभोवतीचा वेढा या पट्टीवर सरकतो. तिसरा 'बिंदू' पट्ट्याचाच पट्ट्यावरील जोड होय. एकाच मालिकेतील तीन नावांत मोजण्याची वस्तू अशी मध्येच बदलते, आणि इंग्रजी समासात मोजलेल्या वस्तूचे नाव गाळलेले असल्यामुळे ते लक्षात येत नाही. मी 'पदर' मोजावयास गेलो, ते या गाळलेल्या जागेत मला हवे ते भरल्यामुळे. 'एकनळी', 'दुनळी' हे आपले जुने शब्द या बाबतीत किती चोख आहेत! मोजावयाचे ते शब्दातच सांगितलेले आहे. त्याच धर्तीवर 'एककडी', 'दुकडी' करावे तर 'दुकडी' हा शब्द अगोदरच दुसऱ्या अर्थांनी अडकलेला. म्हणून समासाचा हट्ट सोडून 'एका कडीचा पट्टा', 'दोन कड्यांचा पट्टा' असेच म्हणावे. आणि तिसऱ्यास 'सरत्या वेढ्याचा पट्टा' म्हणावे.

नावे अशी लागली की गुणदोष आपोआप दिसू लागतात. एका कडीच्या पट्ट्यावर बंदूक एकाच ठिकाणी टांगलेली असल्यामुळे ती कोणत्याही दिशेस सहज फिरते. उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर न्यावयाची असेल, अरुंद जागेत किंवा वाहनात वावरावयाचे असेल आणि शस्त्र आखूड असेल, तर ही मोकळीक उपयोगी पडते. पण हात सोडले की तीच मोकळीक अंगलट येते. नळी खाली लोंबते, चालताना नडग्यांवर आपटते, वाकले की जमिनीत खुपसते, धावले की लंबकासारखी झोके घेते. ज्याला शिडी चढावयाची आहे, दोर ओढावयाचा आहे किंवा कोणास उचलावयाचे आहे, त्याला हा पट्टा नको. लांब नळीच्या बंदुकीस तर तो मुळीच नको.

दोन कड्यांच्या पट्ट्यावर बंदूक दोन्ही टोकांनी बांधलेली असते. ती पाठीवर टाकता येते, अंगाशी आवळता येते, छातीसमोरही ठेवता येते. खांदा बदलताना तो थोडा आडवा येतो. हा दोष घालविण्यासाठी अलीकडे त्यात सरकबक्कल घालतात. त्याचे शेपूट ओढले की पट्टा एका हाताने सैल होतो किंवा आवळतो. अशा पट्ट्याने पुढचे टोक हातावर ताणून आधारपट्ट्याचे कामही थोडेफार भागते. सर्वसाधारण वापरासाठी माझे मत या प्रकारास आहे. सुभेदारसाहेबांचेही तेच होते, आणि त्यांच्या मताला वजन आहे.

सरत्या वेढ्याचा पट्टा कागदावर सर्वांत शहाणा दिसतो. बंदूक सोडली तरी ती अंगावर नीट बसते आणि उचलली तर वेढा सरकून वाट देतो. पण बंदुकीच्या कुशीने जाणारी ती पट्टी घोडे, खिट्ट्या व काडतूस भरण्याची जागा यांवरून जाते. अंधारात आणि घाईत बोटे तिच्यात अडकतात. डावखुऱ्याची अडचण आणखी वाढते. मी तो अंगावर घालून पाहिला. बैलाची जुंपणी प्रथमच सोडविणाऱ्या शहरी माणसासारखी माझी गत झाली.

शॉटगनच्या बाबतीत काही गोष्टी विशेष आहेत. ज्या बंदुकीचे पुढचे लाकूड मागेपुढे ओढून काडतूस चढवावयाचे असते, तिच्या त्या हलत्या लाकडास कडी लावता येत नाही. ती काडतुसांच्या नळकांड्याच्या टोकास लावतात. काडतुसे खालून भरावयाची असतील तर सैल पट्टा त्या तोंडाशी लोंबता कामा नये. दुनळी बंदुकीत पुढची कडी नळ्यांखाली झाळलेली असते. उडत्या थाळ्यांच्या स्पर्धांत बंदुकीस पट्टा लावण्यास नियमांनीच मनाई आहे. लोंबती वस्तू बंदूक फिरविण्याच्या लयीत बाध आणते. शिकारीचा प्रश्न आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहुतेक मिटविला आहे. राहता राहिले ते शेतीसंरक्षणासाठी परवाना असलेले शेतकरी. कोकणात माझ्या मामांकडे अशी एक बारा बोअरची एकनळी होती. ठासणीची बंदूक जाऊन काडतुसाची आली तरी तिला पट्टा नव्हता. मामा ती हातात धरूनच निसरड्या बांधावरून जात. एका पावसाळ्यात ते घसरले तेव्हा तोल सावरण्यास एकच हात मोकळा होता. सुदैवाने बंदूक मोडून, काडतूस काढून चालण्याची त्यांची सवय होती. मामीने जुन्या पलंगाची नवार दुहेरी करून त्या बंदुकीला पट्टा शिवून दिला. तो मात्र खरा दुपदरी होता.

नवारीचा उल्लेख आलाच आहे तर द्रव्याविषयी थोडे लिहितो. इंग्रजी 'वेबिंग' या शब्दासाठी पारिभाषिक कोशांत जाळे, वीण असे काहीबाही शोधण्यापेक्षा 'नवार' हा घरातला शब्द घ्यावा. सुती नवार खांद्यावरून घसरत नाही, पण पाणी पिऊन जड होते आणि कुजते. चामड्याची पकड उत्तम; ते ओले झाले की ताणते, आणि तेलपाणी न केल्यास तडकते. नायलॉनची नवार टिकाऊ व हलकी असते, परंतु गुळगुळीत कापडावरून घसरते आणि तिच्या कडा मानेस कापतात. काही पट्ट्यांत रबराचा ताणता भाग घालतात. हलक्या शस्त्रास तो बरा, जड रायफल मात्र त्यावर पावलागणिक उसळ्या मारते.

रुंदीचा हिशेब सोपा आहे. तोच भार २५ मिलिमीटरऐवजी ५० मिलिमीटर रुंदीवर पसरला तर दाब निम्मा होतो. मात्र फार रुंद पट्टा खांद्याच्या उतारावर सपाट बसत नाही आणि भार शेवटी एका कडेवरच येतो. लांबीचा हिशेब तितका उघड नाही. ४ किलोग्रॅम वजनाची रायफल दोन कड्यांनी आडवी टांगली आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजू सरळ वर गेल्या तर प्रत्येक बाजूवर २ किलोग्रॅमचा भार येतो. पट्टा आखूड केल्यामुळे त्या बाजू लंबरेषेशी ६० अंशांचा कोन करू लागल्या तर प्रत्येक बाजूवरील ताण ४ किलोग्रॅमचा, म्हणजे दुप्पट होतो. घट्ट पट्टा अधिक दुखतो याचे कारण हे होय. त्यामुळे आवळण्या-सैलावण्याची सोय ही चैन नसून निवडीतील मुख्य कसोटी आहे. कड्यांविषयी एवढेच की, पट्ट्यास पीळ पडू नये म्हणून फिरती कडी हवी. तिला मराठीत 'भोवरकडी' हा नेमका शब्द आहे. ती धातूची असेल तर खुळखुळते, आणि तिची खीळ सैल असेल तर सारी बंदूक खाली येते. म्हणून नवा पट्टा घेतल्यावर बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहून, अंगावरील नेहमीच्या कपड्यांनिशी चालून, बसून, वाकून आणि जिना चढून पाहावे. ज्या क्षणी नळी आपल्या पायाकडे किंवा दुसऱ्याकडे वळते तो क्षण लक्षात ठेवावा, आणि पट्टा त्यानुसार बदलावा.

राहिला प्रश्न 'गळ्यात घालण्या'चा. पट्टा एका खांद्यावरून घेऊन दुसऱ्या काखेखालून काढावयाचा, ही क्रिया मराठीत एका शब्दात कशी सांगावी? यासाठी आपल्याकडे एक अत्यंत काटेकोर परिभाषा हजारो वर्षे तयार आहे. यज्ञोपवीत डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली असेल तर सव्य, उजव्या खांद्यावरून डाव्या काखेखाली असेल तर अपसव्य, आणि माळेसारखे गळ्यात असेल तर निवीत. पट्टा धारण करण्याच्या तिन्ही तऱ्हा यात आल्या. माझ्या हातून घडलेली चूक म्हणजे सव्याच्या जागी निवीत. हे सुचले तेव्हा मला मोठा आनंद झाला. पण विचारांती हे शब्द मी पुस्तिकेत घातले नाहीत. ते ज्या विधीतून आले तो विधी मोजक्या घरांत होतो. मैदानावरच्या बहुसंख्य मुलांना तो परका आहे, आणि पहारेकऱ्याच्या परिभाषेने त्यास जातीची आठवण करून देऊ नये. हिंदीत तलवार अडकविण्याच्या तिरप्या पट्ट्यास 'परतला' हा चांगला शब्द आहे, परंतु तोही आज शिकवावाच लागेल.

अखेर सुभेदारसाहेबांनीच तोड काढली. त्यांनी मुलांना विचारले, "कंडक्टर पिशवी कशी अडकवतो?" सर्वांनी एकदम हात करून दाखविले. दुसऱ्या आवृत्तीत आता असे छापले आहे : 'पट्टा वाहकाच्या पिशवीप्रमाणे आडवा अडकवावा, नुसता गळ्यात घालू नये.' कोणत्या खांद्यावरून, ते नेमबाज उजवा आहे की डावखुरा आणि मागची कडी दस्त्याच्या कोणत्या अंगास आहे यांवर ठरते, म्हणून त्यासाठी खाली दोन चित्रे दिली आहेत. चित्रांखाली मात्र मी मोह न आवरून बारीक अक्षरांत 'सव्य' व 'अपसव्य' असे लिहिले होते. मुद्रितशोधनात सुभेदारसाहेबांनी ते खोडून 'डावा खांदा' व 'उजवा खांदा' असे केले आहे, आणि मी ते तसेच राहू दिले.